सामन माशाचा हिवाळा

सामन माशाची जगांत कीर्ति झाली ती त्याच्या उड्यांमुळें. समुद्रांत वाढलेला हा मासा प्रौढ झाला म्हणजे ज्या ओढ्यांत तो जन्मला तोच ओढा शोधीत परत येतो; प्रवाहाच्या उलट दिशेनें कित्येक कोस झुंजतो, धबधबे उडून चढतो, वाटेंत अन्नाला शिवत नाहीं, आणि उगमाकडच्या खडींत अंडीं घालून झालीं कीं, निदान पॅसिफिक महासागराच्या बाजूच्या बहुतेक जातींत तरी, नर व मादी दोघेंहि थोड्याच दिवसांत प्राण सोडतात. या कथेंत वीर आणि करुण हे दोन्ही रस भरपूर असल्यामुळें तिच्यावर पुस्तकें झालीं, चित्रपट झाले, आणि शरद ऋतूंत ओढ्यांवरच्या पुलांवर ती पाहावयास माणसांची गर्दीहि होते. परंतु नायक पडला कीं पडदा टाकावयाचा, त्याच्या मागें राहिलेल्या पोरांचें काय झालें हें विचारावयाचें नाहीं, ही कथाकारांची जुनी खोड येथेंहि आड आलेली दिसते. सामनाचीं पिलें हिवाळा कसा काढतात हा प्रश्न पुलावरच्या गर्दीपैकीं फारच थोड्यांस पडत असेल. आमच्यापुढें तो आला एका विहिरीच्या तंट्यामुळें. त्या तंट्याची हकीकत पुढें येईलच.

आधीं एक खुलासा. मुंबईच्या बाजारांत रावसाला कोणी कोणी ‘इंडियन सामन’ म्हणतात. तें नांव केवळ व्यापारी होय. रावस हा समुद्राचा व खाडीचा मासा, आणि त्याचें कूळ अगदींच निराळें. चवीच्या बाबतींत आमचें मत रावसाच्या बाजूचें आहे. पण तो मुद्दा येथें अप्रस्तुत आहे.

आम्ही ज्या सामनाविषयीं लिहीत आहों तो मुख्यतः कोहो जातीचा, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा. कोहोची मादी शरदाच्या अखेरीस किंवा हिवाळ्याच्या आरंभीं शेपटीनें खडी उकरून तींत अंडीं घालते व वर पुन्हां खडी लोटते. हिवाळाभर तीं अंडीं दगडांच्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्यावर जगतात. वसंतांत पिलें वर येतात, उन्हाळाभर किडे खाऊन वाढतात, आणि समुद्राकडे जाण्यापूर्वीं बहुतेकांस आणखी एक पुरा हिवाळा गोड्या पाण्यांतच काढावा लागतो. म्हणजे या जीवाच्या बालपणांत हिवाळे दोन: एक अंड्यांतला, दुसरा बोटाएवढ्या देहानें काढावयाचा.

माशाचें रक्त थंड, म्हणजे भोंवतालचें पाणी जितकें गार तितकेंच त्याचें अंगहि गार. पाणी गोठणबिंदूकडे जाऊं लागलें कीं त्याचें पचन मंदावतें, पोहण्याची ताकद कमी होते, प्रवाहांत जागा धरून राहणेंहि त्याला जड जातें. मग तें पिलूं दिवसभर गोट्यांच्या फटींत दडून राहतें आणि अंधार पडल्यावर बाहेर येतें. उत्तरेकडे, जेथें थंडी कडक असते, तेथें याच्या जोडीला बर्फाचें संकट. नदीच्या पृष्ठभागावर धरणारा बर्फ तितकासा वाईट नव्हे; तो एकदां धरला म्हणजे पांघरुणासारखा पडून असतो. वाईट तो निराळाच. निरभ्र रात्रीं खळाळतें उघडें पाणी शून्याच्याहि खालीं, अंशाच्या शतांशांनींच कां होईना, उतरतें, आणि त्यांत बर्फाच्या असंख्य सूक्ष्म चकत्या तयार होतात. त्या जेथें लागतील तेथें चिकटतात. तळच्या गोट्यांवर त्यांचा थर बसतो, पिलें दडावयाच्या फटी बुजतात, आणि सकाळीं तो थर सुटला म्हणजे खालची खडीहि उचलून नेतो. समुद्राजवळच्या सौम्य प्रदेशांत ओढे क्वचितच गोठतात. पण तेथें हिवाळा हाच पावसाळा, आणि एका रात्रींत चढलेला पूर अशक्त पिलांना धुवून नेतो.

या दोन्ही संकटांवरचा एक उतारा जमिनीखालून येतो. त्याचें मर्म आपल्याकडे पहाटे विहिरीवर पाणी ओढणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असे. मार्गशीर्षांत विहिरीच्या पाण्यांतून वाफ निघते आणि हात घालावा तों तें कोंबट लागतें. वैशाखांत तेंच पाणी गार लागतें. पाणी बदललेलें नसतें. बदललेली असते ती बाहेरची हवा. दहा-पंधरा मीटर खोलीवर ऋतूंचा शिरकावच जवळजवळ होत नाहीं, आणि तेथलें पाणी बाराहि महिने त्या गांवच्या वर्षाच्या सरासरी उष्णतेच्या आसपास राहतें. पुण्याकडे ही सरासरी पंचवीस अंशांच्या घरांत जाते. सिअॅटलच्या बाजूस ती दहा-अकरा अंश आहे. आपल्याला दहा अंश म्हणजे गारठा. शून्याकडे चाललेल्या पाण्यांतल्या पिलाला मात्र ती शेकोटीच होय. जमीन जेथें फार खोल नाहीं तेथें आणखी एक मौज घडते: वरची उष्णता खालीं पोहोंचावयास महिने लागतात, म्हणून डिसेंबरांत जो पाझर ओढ्याला मिळतो त्यांत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. शिवाय हें पाणी एकदम चढत नाहीं आणि एकदम आटतहि नाहीं. विहिरीला ‘जिवंत झरा’ लागला असें आपण म्हणतों. तो शब्द ज्यानें प्रथम वापरला त्याला सामन ठाऊक नव्हता, पण सामनाचें वर्म ठाऊक होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

अलास्कांत हेन्स गांवाजवळ चिल्कॅट नांवाची नदी आहे. त्सिर्कू ही दुसरी नदी तिला जेथें मिळते तेथें हिमनद्यांकडून वाहून आलेल्या वाळूचा व गोट्यांचा एक प्रचंड पंखा पसरलेला आहे. उन्हाळ्यांत बर्फ वितळून आलेलें पाणी या पंख्यांत मुरतें, आणि पुढें भोंवतालचें पाणी गोठूं लागलें असतां तेंच हळूहळू चिल्कॅटच्या पात्रांत पाझरत राहतें. त्यामुळें सुमारें आठ किलोमीटरांचा पट्टा उघडा राहतो. चम जातीचे सामन तेथें फार उशिरां, इतर नद्यांवरचा हंगाम आटोपल्यावर, अंडीं घालावयास येतात. त्या उबदार खडींत घातलेलीं अंडीं गोठत नाहींत. त्यांच्या मागोमाग पांढऱ्या डोक्याचे गरुड येतात, कधीं कधीं तीन हजारांपर्यंत, आणि गरुडांच्या मागोमाग दुर्बिणी घेतलेले प्रवासी. १९८२ सालीं अलास्का राज्यानें हा प्रदेश गरुडांसाठीं राखून ठेविला. आमच्या मतें तेथील खरें प्रेक्षणीय स्थळ म्हणजे तें खडींतलें कोठार. पण तें दुर्बिणींतून दिसत नाहीं, त्याला कोण काय करणार!

चमचीं पिलें खडींतून निघतांच समुद्राची वाट धरतात, म्हणून त्यांचा प्रश्न एका हिवाळ्यांत संपतो. कोहोला दुसरा हिवाळा चुकत नाहीं. वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिंपिक द्वीपकल्पावर क्लिअरवॉटर नदीच्या कांठीं कांहीं लहान तळीं आहेत. त्यांचा जो अभ्यास १९८२ सालीं प्रसिद्ध झाला त्यांत असें दिसून आलें कीं शरदांत पाणी चढूं लागलें कीं खूण करून सोडलेलीं पिलें आपलीं उन्हाळ्याचीं ठिकाणें सोडतात, प्रवाहाबरोबर खालीं उतरतात आणि नदीला जोडलेलीं हीं तळीं शोधून त्यांत शिरतात. कांहींनीं यासाठीं तीस किलोमीटरांहून अधिक प्रवास केला होता. हें शहाणपण त्यांस कोणीं शिकविलें? आईबाप तर जन्मापूर्वींच गेलेले! व्हँकूव्हर बेटावरील कार्नेशन ओढ्यावर १९७० च्या दशकाच्या आरंभापासून जें निरीक्षण झालें त्याचाहि निष्कर्ष याच दिशेचा आहे. मुख्य प्रवाहांत राहिलेल्या पिलांपेक्षां बगलेच्या पाणथळींत शिरलेलीं पिलें अधिक संख्येनें वसंत पाहतात. आणि या जागा तरी कशा? उन्हाळ्यांत पाहाव्या तर कित्येक ठिकाणीं नुसता चिखल आणि लव्हाळे. नकाशावर त्यांना नांव नसतें. शेतकरी त्या बुजवून जमीन सरळ करतो, रस्ता बांधणारा त्यांच्यावर भराव घालतो, आणि दोघांसहि आपण नदीचा एक भाग पुरला याची वार्ताहि नसते.

नदी म्हणजे दोन कांठांमधलें पाणी ही कल्पनाच मुळीं अपुरी आहे. माँटाना राज्यांत फ्लॅटहेड नदीच्या खोऱ्यांत, पात्रापासून दोन किलोमीटरांपर्यंत दूर असलेल्या विहिरींतून पाण्याबरोबर नदींतल्या किड्यांच्या अळ्या वर आल्या. ‘स्टोनफ्लाय’ नांवाचे हे किडे सामनाच्या कुळांतल्या माशांचें आवडतें खाद्य होत. जॅक स्टॅनफर्ड आणि जेम्स वॉर्ड या शास्त्रज्ञांनीं १९८८ सालीं ही गोष्ट जगापुढें मांडली. नदीचे किडे जर शेतांखालून हिंडत असतील तर नदीहि तेथपर्यंत आहे असेंच म्हणावें लागेल.

मात्र जमिनींतून येतें तें सर्वच पाणी अमृत असतें असें कोणीं समजूं नये. स्कॉटलंडमध्यें डी नदीला मिळणारा गिर्नॉक नांवाचा ओढा आहे. तेथें येणाऱ्याजाणाऱ्या सामनांची मोजदाद १९६६ पासून चालू आहे. त्या ओढ्यांत असें आढळलें कीं जें पाणी दीर्घकाळ जमिनींत कोंडून राहिलेलें असतें तें वर येईपर्यंत त्यांतला प्राणवायु संपत आलेला असतो, आणि तें जेथें खडींत शिरतें तेथलीं अंडीं गुदमरून मरतात. वर वाहणारें पाणी स्वच्छ आणि प्राणवायूनें भरलेलें, आणि वीतभर खालीं पाळण्यांतच मृत्यु! खडींतून लवकर वाहून आलेलें पाणी आणि खडकांत मुरत पडलेलें पाणी यांत असा भेद आहे. मनुष्याला तो चवीनें कळत नाहीं. माशाला तो प्राणांनीं कळतो.

आतां तो विहिरीचा तंटा. आमची थोरली मुलगी वॉशिंग्टन राज्यांत संसार थाटून आहे. २०१६ च्या वसंतांत तिनें व जांवईबापूंनीं गांवाबाहेर ओढ्याकांठीं एक जमिनीचा तुकडा घेतला, आयुष्याची बहुतेक शिल्लक त्यांत घातली. तेथें नळ नाहीं, विहीर खणावयाची. तोंपर्यंत रीत अशी होती कीं दिवसाला ५,००० गॅलनांपर्यंतच्या घरगुती विहिरीला पाण्याचा निराळा परवाना लागत नसे, आणि जिल्ह्याची कचेरी बांधकामाची परवानगी सहसा देऊन टाकी. त्याच वर्षीं ६ ऑक्टोबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें व्हॉटकम जिल्ह्याच्या खटल्यांत निकाल दिला कीं अशा विहिरीमुळें ओढ्यांसाठीं राखलेल्या प्रवाहाला बाध येत नाहीं याची खात्री परवानगीपूर्वीं जिल्ह्यानें स्वतः करून घेतली पाहिजे. आमच्या मुलीचा जिल्हा निराळा. पण या निकालाच्या धास्तीनें तेथील कचेरीनेंहि हात आंखडता घेतला. घराचे नकाशे तयार, कर्जाचे हप्ते चालू, आणि पाण्याचा पत्ता नाहीं. त्या हिवाळ्यांत आम्ही तेथेंच होतों. जेवणाच्या पानावर रोज सामनाचा उद्धार होई, तोहि खाण्याच्या अर्थानें नव्हे.

जानेवारींतल्या एका रात्रीं जांवईबापू विजेची बत्ती घेऊन उठले आणि म्हणाले, “चला, आपलें घर ज्यांनीं अडवून धरलें आहे त्यांचें दर्शन तरी घेऊन येऊं.” बारा वर्षांचा नातू तापमापक घेऊन पुढें झाला. ओढा पावसानें गढूळ होऊन गर्जत होता. जमिनीच्या खालच्या कोपऱ्यांत, आल्डरच्या झाडांखालीं, जुन्या पात्राचा एक तुकडा आहे. त्यांतलें पाणी मात्र संथ आणि नितळ. पडलेल्या खोडाखालीं प्रथम कांहींच दिसेना. मग लक्षांत आलें कीं ज्या सांवल्या म्हणून आम्ही पाहत होतों त्यांना डोळे आहेत. वीस-पंचवीस पिलें, अंगावर काळसर उभे पट्टे, सर्वांचीं तोंडें एकाच दिशेस. तळाशीं एके ठिकाणीं वाळू मंद उकळीसारखी हलत होती. तेथें नातवाला नऊ अंश मिळाले, आणि मुख्य ओढ्यांत चार. जांवईबापू बराच वेळ बत्ती धरून उभे राहिले. घरीं परततांना सामनाचा उद्धार झाला नाहीं, कचेरीचा झाला.

त्यांचा राग अगदींच अनाठायीं होता असें आम्हांस वाटत नाहीं. मोठ्या शेतीला पाणी उपसण्याचे हक्क पिढ्यान्‌पिढ्यांचे. शहरांनीं मैलोगणती जमीन फरसबंद करून पाऊस मुरण्याची वाटच बंद केलेली. आणि हिशेब मागावयाचा तो सर्वांत शेवटीं आलेल्या एका कुटुंबाकडे! तरीहि न्यायालयाचें मूळ म्हणणें पाण्याच्या स्वभावाला धरून आहे. विहीर आणि ओढा एकाच भांड्यांतून पितात. महाराष्ट्रांत १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर खणण्यास बंदी घातली ती याच ज्ञानावर. फरक इतकाच कीं आपल्या कायद्यांत तहानलेला शेजारी मनुष्य आहे.

जानेवारी २०१८ मध्यें तेथील विधिमंडळानें तोड काढली. नव्या घरगुती विहिरींना वाट मोकळी झाली. ५०० डॉलर फी, उपशावर मर्यादा, आणि ओढ्यांच्या सुधारणेसाठीं पंधरा वर्षांत ३० कोटि डॉलर खर्चण्याचें ठरलें. आमच्या मुलीच्या खोऱ्यांत ही मर्यादा वर्षाच्या सरासरीनें दिवसाला ९५० गॅलन, म्हणजे सुमारें ३,६०० लिटर आहे. पुढच्या वर्षीं घर उभें राहिलें. स्वयंपाक, स्नान, धुणें यांचें पाणी मैलाकुंडींतून पाझरून बरेचसें पुन्हां त्याच जमिनींत जातें, त्यामुळें त्याची चिंता थोडी. गवताला शिंपडलेलें पाणी मात्र उन्हाळ्यांत बहुतांशीं हवेंत जातें, आणि त्याची तूट ओढ्याला कधीं कधीं कित्येक महिन्यांनीं, ऐन हिवाळ्यांत, जाणवते. खालचा पाणथळ कोपरा कुंपण घालून तसाच ठेवावयाचा हें ठरलें आहे. घरापुढची हिरवळ जुलै-ऑगस्टांत वाळूं द्यावयाची कीं नाहीं याविषयीं मात्र त्या घरांत अद्याप एकमत नाहीं: मुलगी म्हणते, शेजाऱ्यांपुढें शोभत नाहीं, नातू म्हणतो, वाळूं दे, जांवईबापू दोघांचें ऐकून घेतात आणि नळी गुंडाळून ठेवतात. आमचें मत कोणीं विचारलेलें नाहीं, पण तें आम्हीं नातवाच्या बाजूनें सांगून ठेविलें आहे.