श्रीपाळाची कथा ऐकताना

भुसावळात ‘स्थानक’ हा शब्द उच्चारला की परगावच्या माणसाला रेल्वेचे फलाट आठवतात. जैन घरांत त्याचा अर्थ प्रथम धर्मस्थानक असाच होतो. चैत्र शुद्ध सप्तमीला आयंबिलाची ओळी बसली की तेथे नऊ दिवस श्रीपाळ-मयणासुंदरीची कथा वाचली जाते. त्या श्राविकेने ही कथा माहेरी-सासरी मिळून पंचवीसेक वेळा तरी ऐकली असेल. मात्र कोपरावर पहिला चट्टा उमटला, त्यानंतरच्या वर्षापासून तिला ती ऐकवेना.

चट्टा लाल होता, वर चंदेरी पापुद्रा. पुढे गुडघे, पाठ, केसांची कड असा तो पसरत गेला. सकाळी अंथरूण झाडताना कोंडा पडे, तो जावेच्या दृष्टीस पडू नये म्हणून ती सर्वांच्या आधी उठू लागली. फाल्गुनात आळीतल्या बायका पापड लाटायला जमल्या, तेव्हा एकीने तिच्या हातातले लाटणे हळूच काढून घेतले. “वहिनी, तुम्ही आज बसा निवांत,” एवढेच ती म्हणाली. स्वर गोड होता. पण त्यानंतर तिला लाटायला कोणी बोलावले नाही.

श्रीपाळाचा रोग कथेत ‘कुष्ठ’ म्हटला आहे, आणि घोटाळा या शब्दात आहे. जुन्या आयुर्वेदात कुष्ठ म्हणजे बहुतेक सारे त्वचाविकार: सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्या अकरांत ‘एककुष्ठ’ येते; घाम न येणारे, मोठ्या जागेवर पसरणारे, माशाच्या खवल्यांसारखे. आजचे अनेक वैद्य सोरायसिसला तेच नाव देतात. बोलभाषेत मात्र कुष्ठ म्हणजे महारोग एवढाच अर्थ उरला. महारोग जंतूंमुळे होतो. सोरायसिसमध्ये जंतूच नाही. शरीराची संरक्षणयंत्रणा विनाकारण पेटते आणि साधारण महिनाभरात बदलणारी त्वचा काही दिवसांतच नवी तयार होऊन थरांवर थर चढवते. तो स्पर्शाने पसरत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या ठरावातही नमूद आहे. पण ठराव पापडाच्या पाटापर्यंत पोहोचत नाहीत.

पुढची काही वर्षे ठरावीक वाटेने गेली. कोणी सुचविलेल्या पुड्या घेतल्या. पंधरा दिवसांत अंग लख्ख झाले आणि पुड्या थांबताच चट्टे दुपटीने उसळले. असे घडले की पुडीत स्टेरॉइड होते की काय, अशी शंका डॉक्टरांना येते. मग जळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी दिली. दोन वर्षे तिने साथ दिली, नंतर रक्ततपासणीत यकृत कुरकुरू लागले. बोटांचे सांधेही सकाळी आखडत. हा रोग कित्येकांच्या सांध्यांत उतरतो. स्वतःचा तळहात म्हणजे अंगाचा सुमारे एक टक्का, या मापाने डॉक्टरांनी मोजले, तर चट्टे अठरा तळहात भरले. दहाच्या पुढे गेले की रोग तीव्र मानतात. त्यांनी जैविक औषधाचे नाव काढले: सेक्युकिनुमॅब.

ही औषधे सगळी प्रतिकारशक्ती दडपत नाहीत, दाह पेटविणारा एखादाच निरोप्या अडवतात. सेक्युकिनुमॅब इंटरल्युकिन-१७ए नावाच्या निरोप्याला धरते. भारतात बायोकॉनने क्यूबाच्या संशोधनसंस्थेबरोबर विकसित केलेले इटोलिझुमॅब २०१३ मध्ये आणले; पुढच्याच वर्षी अहमदाबादच्या झायडसने अडालिमुमॅबची प्रतिकृती मूळ औषधाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या किमतीत काढली. तरीही खर्च मध्यमवर्गाला दचकविणारा आहे. शिवाय रोग मुळासकट जात नाही. सुया थांबल्या की तो बहुधा परततो. हे तिला आधीच स्पष्ट सांगितले गेले, हे बरे झाले.

सुईआधी क्षय, कावीळ-बी, सी अशा तपासण्या झाल्या. छातीचे चित्र स्वच्छ होते, पण रक्तात सुप्त क्षयाची खूण निघाली. आपल्या देशात ती असंख्यांच्या अंगात निजलेली असते. आधी प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या, सुई महिनाभर लांबली. त्या महिन्यात तिने औषधाविषयी वाचले आणि एक नवाच काटा रुतला. हे औषध हॅम्स्टर या लहान प्राण्याच्या अंडाशयातून १९५७ च्या सुमारास घेतलेल्या पेशींच्या वंशात बनते. आज त्या पेशी पोलादी टाक्यांत वाढतात, दर सुईमागे जीव जात नाही. पण आरंभी तो गेलाच होता.

तिने साध्वीजींना विचारले. त्यांनी हो किंवा नाही म्हटले नाही. साधूंच्या आचारातही उत्सर्ग आणि अपवाद असे दोन मार्ग आहेत, आजारपणात अपवाद घेतला तर मागून प्रायश्चित्तही घ्यायचे असते, एवढे सांगितले. मग त्यांनीच तिला श्रीपाळाच्या कथेतली एक जागा आठवण करून दिली. ‘सिरिवालकहा’ या चौदाव्या शतकातील प्राकृत ग्रंथात श्रीपाळाची आई कमलप्रभा मुलाला सातशे रोग्यांच्या जथ्यात सोडून कौशांबीला जाते, ती रोग बरा करणाऱ्या वैद्याच्या शोधात. “पंचवीस वर्षं ऐकलं,” ती घरी येऊन म्हणाली, “पण ती आई कुठं निघाली होती, हे कधी कानात शिरलंच नाही.”

सुया सुरू झाल्या. पहिले पाच आठवडे दर आठवड्याला, मग महिन्याला. औषध दोन ते आठ अंशांत राहायला हवे आणि भुसावळचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. मुलगा जळगावहून थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या घालून गाडीने आणी. एकदा वीज चार तास गेली, तेव्हा शीतकपाटाचे दार उघडायला घरभर मनाई होती. सासूबाई स्वतः खुर्ची टाकून दारापाशी बसल्या. तिसऱ्या महिन्यात पाठ कोरी झाली. सांधे मंदावले, घोट्यावरचा एक चट्टा हटला नाही. तोंडात एकदा बुरशी आली, ती औषधाने गेली.

अश्विनाच्या ओळीत तिने नऊ आयंबिले केली. डॉक्टरांची आडकाठी नव्हती. सुईची तारीखही मध्येच आली आणि ती घेतली. दहाव्या दिवशी पारण्याच्या पंगतीत ती बाही न ओढता वाढू लागली. लाटणे काढून घेणारी शेजारीण पंगतीत होती. तिने ताटावर हात आडवा धरला नाही. “मुगाचं वरण थोडं आणखी,” ती म्हणाली, आणि वाटी पुढे केली.