रात्रभर फिरणारा रॉड

१ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत. खडपावरून गरवणाऱ्यांना ही बंदी लागू नाही, पण उधाणाच्या दिवसांत रत्नागिरीत रत्नदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी खडपावर उभं राहायचं धाडस शहाणा माणूस करत नाही. त्यामुळे आमच्याकडे रॉडच्या दुरुस्तीचा हंगाम म्हणजे ऐन पावसाळा. वर्षभर खारं पाणी गाइडच्या, म्हणजे दोरी ओवायच्या कड्यांच्या, पायाखाली शिरत राहतं, तिथे गंज धरतो, वरची इपॉक्सी पांढुरकी होऊन तडकते. मग जुने गाइड काढायचे, ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती काठी, स्वच्छ करायचा, नवे गाइड नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट वेढून बांधायचे आणि त्या वेढ्यांवर इपॉक्सीचा हात द्यायचा. दोरा वेढायचं काम मला मनापासून आवडतं. वेढ्याला वेढा चिकटून बसला की हाताला कळतं. खरी परीक्षा असते ती इपॉक्सीची.

रेझिन आणि हार्डनर सारख्या मापाने, वेगवेगळ्या सिरिंजने मोजून घ्यायचं आणि सावकाश ढवळायचं. घाईने ढवळलं की बुडबुडे येतात. मिश्रण झालं की मी ते पसरट बशीत ओततो, कारण खोल भांड्यात ते स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतं. ब्रशने लावताना ते मधासारखं असतं आणि पुढचे काही तास तसंच वाहतं राहतं. पाणी उडून वाळणाऱ्या रंगाची ही गोष्ट नव्हे. इथे दोन रसायनांची एकमेकांशी प्रक्रिया होऊन थर घट्ट होतो आणि त्याला वेळ लागतो. तेवढ्या वेळात रॉड आडवा आणि स्थिर राहिला तर सगळी इपॉक्सी खालच्या अंगाला उतरते, वेढ्यांना पोट सुटतं, गाइडच्या पायाशी ओघळ जमतो. रॉड सतत फिरता ठेवला तर खाली ओघळायला निघालेला थेंब पोहोचायच्या आत वर गेलेला असतो.

हाताने फिरवता येतं, कित्येक जण तसंच करतात. दर काही मिनिटांनी पाव वळसा. पण किमान चार-सहा तास हे चालवायचं, तर माणूस दुसरं काहीच करू शकत नाही आणि शेवटी शेवटी लक्ष उडतंच.

मुंबईतले माझे ओळखीचे गरवणारे मायक्रोवेव्हच्या ताटलीखालची मोटर वापरतात. स्वस्त, छोटी, थेट घरच्या विजेवर चालणारी, मिनिटाला पाच-सहा फेरे. मुंबईत ती झकास चालते. माझी अडचण अशी की आमच्याकडे जुलैतल्या वादळी रात्री वीज जातेच, आणि जाते तीही नेमकी इपॉक्सी ओली असताना. तेव्हा ठरवलं, यंत्र उभं करायचं ते बॅटरीभोवती. मोटर त्यानुसार निवडायची.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शाळा-कॉलेजच्या रोबोटसाठी १२ व्होल्टच्या गिअर मोटरी मिळतात. त्यातली मिनिटाला १० फेरे घेणारी, धातूच्या गिअरची आणली. एका भागाचा रॉड फिरवायला ती एक दशांश अँपिअरच्या आसपास वीज घेते. म्हणजे यूपीएसमधली साधी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी रात्र आणि दुसरा दिवस सहज काढते. बॅटरीला चार्जर कायम जोडलेला असतो. वीज असताना व्होल्टेज साडेतेराच्या वर राहतं आणि मोटर जरा जोरात फिरते, वीज गेली की किंचित मंदावते. थांबत मात्र नाही, आणि मला हवं होतं ते एवढंच.

रॉडचं बूड पकडायला नळाच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसीचा एंड कॅप आणला. त्याच्या कडेला सारख्या अंतरावर तीन भोकं हवीत. कॅपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून टोक जुळलं तिथे कापली, तिची तीन घड्यांत विभागणी केली, पुन्हा गुंडाळून घड्यांच्या जागी खुणा केल्या. तीन स्क्रू आत येतात, त्यांच्या टोकांना रबराच्या टोप्या. तिन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, म्हणजे रॉड मधोमध बसतो. मोटरचा ६ मिलिमीटरचा शाफ्ट कॅपला जोडायला पितळी कपलिंग लागलं. ते आमच्या वर्कशॉपवाल्या काकांनी लेथवर करून दिलं आणि शाफ्टला बसवल्यावर कॅप डुलतो का ते स्वतः डोळा लावून बघितलं.

त्याच काकांनी एक गोष्ट दाखवली, जी मला कुठल्या नकाशात सापडली नव्हती. रॉड फिरताना दर फेऱ्यात एकदा झटका देत होता.

"काका, मोटर नवीन आहे, तरी अशी का करते?"

"मोटर नाय करत रे. गिअरला प्ले आहे. तुझी जड कडी वरून खाली यायला लागली की रॉड मोटरीच्या पुढे धावतो, मग मोटर त्याला गाठते. त्याला थोडा ब्रेक लाव."

ब्रेक म्हणजे बुडाजवळच्या आधारावर फेल्टची एक पट्टी, रॉडला हलकेच टेकलेली. तेवढ्या घर्षणाने गिअरची ढिलाई कायम एकाच बाजूला ताणलेली राहते. झटका गेला. शेंड्याकडच्या आधारावर मात्र घर्षण नकोच. तिथे ६०८ नंबरचे दोन बेअरिंग शेजारी शेजारी बसवले आहेत, त्यांच्या खोबणीत रॉड लोळतो. जिथे टेकतो तिथे ब्लँकवर मास्किंग टेप. शेंडा बारीक असतो, आधार लांब ठेवला तर तो लवतो आणि फिरताना हेलकावे खातो, म्हणून पुढे आणखी एक आधार.

आता हवा. कोकणात पावसाळ्यात पापड सादळतात, कपाटातले कपडे सादळतात आणि इपॉक्सीवरही दमटपणाचं भूत बसतं. हार्डनरमधली अमाइन हवेतल्या पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून वर तुपकट, पांढरट थर आणतात. वरवरचा असेल तर कोमट पाण्याने आणि साबणाने जातो, पण त्यावर दुसरा हात तसाच दिला तर तो नीट धरत नाही. यावर उपाय सोपा आहे. हवा तापवा. २७ अंशांची ९० टक्के दमट हवा ३५ अंशांपर्यंत नेली की तिचा दमटपणा ५७ टक्क्यांच्या आसपास उतरतो, पाणी तेवढंच असूनही. म्हणून सगळं यंत्र प्लायवुडच्या लांबट पेटीत ठेवलं आणि एका टोकाला ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब. इपॉक्सी लावायच्या आधी अर्धा तास तो पेटवतो. वीज गेली तर बल्ब विझतो, पण बंद पेटी लगेच गार पडत नाही आणि मोटर बॅटरीवर चालूच असते. उष्णतेने इपॉक्सी थोडी पातळ होते, बुडबुडे आपोआप वर येऊन फुटतात. उरलेल्यांवरून स्पिरिटच्या दिव्याची ज्योत झर्रकन फिरवायची, रेंगाळायचं नाही.

सकाळी पेटी उघडली की मी रॉड ट्यूबलाइटखाली धरतो. वेढ्यांवर ट्यूबची पांढरी रेघ पडते. थर एकसारखा असेल तर रेघ एका गाइडपासून दुसऱ्या गाइडपर्यंत तितकीच सरळ दिसते, कुठे पोट असेल तर तिथे फुगते. हाताने फिरवलेल्या माझ्या जुन्या रॉडवर ती रेघ कधीच पूर्ण सरळ नव्हती. जिताड्यासाठी बांधलेल्या नऊ फुटी रॉडवर ती पहिल्यांदा सरळ पडली, तेव्हा तो रॉड मी बराच वेळ खाली ठेवला नाही.

मालवणचा एक मित्र आता असंच यंत्र करतोय. परवा फोनवर विचारत होता, ३० फेऱ्यांची मोटर हाताशी आहे, चालेल का? मी म्हटलं, अरे, नको. शेंडा बेअरिंगवर नाचेल आणि ब्रश हातात धरून तुला तेवढ्या वेगाबरोबर जाता येणार नाही. १०च घे. पेटी लाकडाची कर, बल्बजवळ थर्माकोल येऊ देऊ नकोस. आणि मोटरच्या आधी बॅटरी विकत घे.