अस्तर

पाऊस ओसरून आश्विनाचे ऊन गच्चीत उतरू लागले, की दसऱ्याच्या आधीच्या एखाद्या निवांत सकाळी मी कपाटातल्या सगळ्या पिशव्या आणि पर्सा बाहेर काढते, जुन्या लुगड्यावर त्या ओळीने मांडते, आकार बिघडू नये म्हणून पोटात भरलेले कागदाचे बोळे काढून टाकते, आणि एकेकीचे तोंड उघडून तिला सावलीतल्या वाऱ्याला लावते. उन्हात मात्र ठेवीत नाही. कातड्यातला ओलावा जावा, पण त्याचे तेल आटू नये, एवढे पथ्य त्यात सांभाळावे लागते. आजमितीस या पिशव्यांची संख्या 41 आहे, आणि प्रत्येकीची नोंद एका रेघी वहीत आहे: घेतल्याचे वर्ष, ठिकाण, किंमत, अस्तर बदलल्याची तारीख आणि अखेरीस शेरा. महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात सदतीस वर्षे नोकरी केलेल्या बाईला शेऱ्याचा रकाना सोडून देणे जमत नाही.

ज्या खात्यात उमेदीची सारी वर्षे गेली, त्याच खात्याने मला पिशवीकडे पाहण्याची दृष्टी दिली, असे मी मनापासून मानते. आमच्या कक्षात फेरफारांच्या नोंदवह्या, कडईपत्रके आणि जुन्या मोजणीचे नकाशे कापडी बस्त्यांत बांधून मांडण्यांवर रचलेले असत. आणि याच पुण्यात, पेशवे दप्तरात, मोडी कागदांचे हजारो रुमाल पिढ्यान् पिढ्या असेच कापडात बांधून राखले गेले, ज्यांतून निवडलेले कागद रियासतकार सरदेसाई यांनी 45 खंडांत प्रसिद्ध केले. म्हणजे इतिहास आधी कापडात गुंडाळला गेला आणि मग ग्रंथांत उतरला. दप्तर हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि फारसीत तो ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ कमावलेले कातडे असा आहे, हे मला पुष्कळ उशिरा समजले. परंतु शाळेला निघालेल्या पोराच्या पाठीवरच्या पिशवीलाही आपण दप्तरच म्हणतो, यातले मर्म तेव्हा लख्ख उलगडले. खिसा आणि अस्तर हे शब्दही त्याच वाटेने आपल्या घरी आले आणि आपले झाले. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या वृद्ध अभिलेखपालांनी मला एक वाक्य सांगितले होते: “बाई, कागद नुसता ठेवला म्हणजे जपला असे होत नाही, मागितला त्या घडीला हाती आला, तरच तो जपला.” पिशवीची पारख करण्याची याहून नेमकी कसोटी मला आजवर सापडलेली नाही.

मात्र या प्रेमाचे मूळ कचेरीत नाही, ते 12 जुलै 1961 या दिवसात आहे. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा मी आठ वर्षांची होते. आरडाओरडा ऐकून आईने आम्हा भावंडांना दाराबाहेर काढले, आणि निघता निघता खुंटीवरची एक खणाची पिशवी ओढून खांद्याला लावली. तेलाची बाटली आणि दुधाचे भांडे आणताना कापड खराब होऊ नये म्हणून तिने त्या पिशवीला आतून मेणकापडाचे अस्तर लावलेले होते. त्या क्षणी तिने तिच्यात काय काय घातले हे आम्हाला रात्री उशिरा, एका नातलगाच्या घरी, कंदिलाच्या उजेडात दिसले: रेशनकार्ड, पोस्टाचे पुस्तक, आमचे जन्माचे दाखले, वडिलांच्या नोकरीचा हुकूम आणि कुंकवाचा करंडा. पिशवीचा खण चिखलाने माखला होता, त्याचा रंग उतरून आईच्या लुगड्याला लागला होता. आतला एकही कागद भिजला नव्हता. घर गेले, भांडी गेली, पण आम्ही कोण आहोत याचा पुरावा त्या मेणकापडाने शाबूत ठेवला. ती पिशवी माझ्या वहीत पहिल्या क्रमांकावर आहे. किमतीचा रकाना तेवढा मी कोरा सोडला आहे.

आमच्या आजीच्या पिढीपर्यंत बाईचा पैसा कनवटीला असे, औषधे बटव्यात असत आणि पान-सुपारी चंचीत. तिचे असे म्हणावे ते सारे एवढ्याच जागेत मावे. 1974 साली पहिला पगार हाती पडला, तेव्हा मी तुळशीबागेत जाऊन तपकिरी रेक्झिनची, दोन कप्प्यांची आणि पितळी टिचबटणाची एक पर्स घेतली. घरात मला स्वतंत्र खोली नव्हती, कपाट नव्हते, टेबलाचा खणही नव्हता. ज्यात दुसऱ्या कुणाचा हात जाणार नाही अशी माझ्या मालकीची पहिली जागा म्हणजे ती पर्स होती. तिच्यामागून मैत्रिणीने विणून दिलेली प्लास्टिकच्या वायरची पिशवी आली, सहलीहून आणलेली शांतिनिकेतनी नक्षीची कातडी पर्स आली, सुट्टीच्या दिवसांसाठी शबनम आली, आणि संग्रह करावा असे मनातही नसताना तो होत गेला.

निवृत्तीनंतर हातात दिवस मोकळे आले, तेव्हा मी अस्तर बदलण्याची विद्या शिकले. कपड्यांची शिलाई येत होती. कातड्याचे शास्त्र मात्र आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या चर्मकार मामांनी शिकवले. आरी कशी धरावी, रापीची धार कातड्यावर किती तिरपी चालवावी, दोऱ्याला मेण का ओढावे, हे त्यांनी गिऱ्हाइके सांभाळता सांभाळता दाखवले, आणि पहिल्याच दिवशी बजावले, “ताई, कापडाची शिवण उसवली तर कापड विसरतं; कातड्याला पडलेलं भोक बुजत नाही. जुन्याच भोकांतून सुई काढायची.” म्हणून मी आधी तोंडाजवळची शिवण ब्लेडच्या टोकाने एकेक टाका घेत उसवते, जुने अस्तर मोजा उलटा करावा तसे बाहेर ओढते, त्याला इस्त्री करते आणि तेच माप धरते. नवे अस्तर बाहेरच्या अंगापेक्षा काकणभर लहान बेतावे लागते, नाहीतर ते आत गोळा होते आणि किल्ल्या त्याच्या घड्यांत अडकून बसतात. खिशाच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांवर दुहेरी टीप हवी, कारण सुट्या पैशांचा भार पहिल्यांदा तिथेच येतो. कापड नेहमी फिक्या रंगाचे घ्यावे, पिवळसर पॉपलीन किंवा धुतलेले मांजरपाट. बाजारातल्या पर्सांचे काळे अस्तर मळ लपवते खरे, परंतु मळाबरोबर चष्मा, किल्ली आणि गोळ्यांचे पाकीटही लपवते.

एका दुकानदाराने अस्सल कातडे म्हणून मला एक पर्स बऱ्याच चढ्या भावाने विकली होती. ती इतकी आवडली की वापरून खराब होऊ नये म्हणून मी तिला प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळून ठेवले. चौथ्या पावसाळ्यानंतर उघडली, तर तिचे पपुद्रे माझ्या बोटांना चिकटून आले. कापडावर पॉलियुरेथेनचा थर देऊन कातड्यासारखे दिसणारे जे द्रव्य बनवतात, त्याचे हवेतल्या बाष्पाने विघटन होत जाते, वापर होवो अथवा न होवो. आणि कोंडलेल्या दमट जागी तर ते अधिकच वेगाने होते. अस्सल कातड्यालाही कोंडणे मानवत नाही. त्याला हाताची ऊब, वारा आणि मधूनमधून तेलाचे बोट लागते. त्या दिवसापासून माझ्या संग्रहातली कोणतीही पिशवी केवळ शोभेसाठी राहिलेली नाही. मंडईला मेणकापडी अस्तराची, बँकेत दोन कप्प्यांची, भजनाला खणाची, प्रवासाला पोटाशी धरता येणारी, असा त्यांचा क्रम मी आठवड्यावर लावून दिला आहे, आणि सकाळी चहा झाल्यावर आजच्या पिशवीत कालच्या पिशवीतले सामान मांडणे हा माझ्या दिनक्रमातला अत्यंत प्रसन्न असा अर्धा तास आहे.

या कामाने मला एक गोष्ट शिकवली, आणि तीच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे. पिशवीचे बाह्यांग एकदाच ठरते. ते लोकांसाठी असते. अस्तर मात्र आयुष्य बदलेल तसे बदलावे लागते. त्या शांतिनिकेतनी पर्सचे अस्तर मी तीनदा बदलले. पूर्वी तिच्यात रेल्वेचा पास आणि कचेरीची किल्ली यांचे खिसे होते. यजमानांच्या आजारपणात त्यांच्या जागी सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन वेळांच्या गोळ्यांचे तीन अरुंद खिसे आले. आणि यजमान गेल्यावर, वर्षश्राद्ध झाल्यानंतरच्या एका दुपारी, मी ते तीन खिसे उसवून तिथे एकच रुंद खिसा शिवला, ज्यात आता ग्रंथालयाचे पुस्तक मावते. उसवलेले ते कापड मी टाकलेले नाही. वहीत त्या नोंदीपाशी ते टाचणीने लावून ठेवले आहे.

गेल्या महिन्यात माझी भाची पहिल्या नोकरीवर रुजू झाली. तिला नवी पर्स भेट द्यावी असे घरातल्यांचे मत पडले. मी तिला तिचीच पर्स आणायला सांगितली, दिवसभरात काय काय लागते ते विचारून कागदावर लिहून घेतले, आणि आत पाच खिसे बेतून दिले. संध्याकाळी तिचा फोन आला, “मावशी, अगं, बसमध्ये न बघता पास हाताला लागला.”

ज्या भगिनी हे वाचत असतील त्यांना माझी एकच विनंती आहे. आज सवडीने आपली पर्स रिकामी करा, उलटी करा आणि तिचे अस्तर पाहा. ते फाटले असेल, किंवा गेलेल्या दिवसांच्या मापाचे राहिले असेल, तर पर्स टाकून देऊ नका. अर्धा मीटर पॉपलीन आणि एक मोकळी दुपार, एवढ्यात ते नवे होते.