मोटारीचा रेडिओ आणि लॅमिंग्टन रोड

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरून थोडे चालले की जो गजबजलेला रस्ता लागतो, त्याचे नाव पालिकेच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. मुंबईच्या व्यापाऱ्याच्या तोंडी मात्र तो अद्याप लॅमिंग्टन रोडच. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला चिकटले ते सुटलेच नाही. एके काळी हा रस्ता चित्रपटगृहांचा होता. ‘शोले’ ज्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक काळ चालला, ते याच रस्त्यावर. चित्रपट वितरकांच्या कचेऱ्यांनी भरलेली नाझची इमारतही इथलीच. दक्षिणेचे टोक ऑपेरा हाउसला जाऊन भिडते. त्या बाजूच्या पंचरत्न इमारतीत व आसपासच्या गल्ल्यांत हिऱ्यांच्या पुड्या हातोहात फिरत असत. वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्स २०१० मध्ये सुरू झाल्यावर तो व्यापार बहुतांशी तिकडे गेला. अनेक जैन कुटुंबांना ऑपेरा हाउसची ओळख या हिऱ्यांमुळेच आहे. तिथून दहा मिनिटांवर विजेच्या व रेडिओच्या सुट्या भागांची ही दुसरी पेठ आहे, याची दखल मात्र काम पडल्यावाचून कोणी घेत नाही.

सोलापूरच्या एका कापडव्यापारी कुटुंबाला असे काम पडले. घरात १९६० च्या दशकातील फियाट ११०० आहे. तिची निगा चांगली राखलेली. रंग, टायर, बैठका सर्व ठीक. डॅशबोर्डमधील रेडिओ मात्र दोन तपांहून अधिक काळ मुका होता. आजोबांचे वय आता ८६. यंदा चातुर्मास संपल्यावर याच गाडीतून कुंथलगिरीला दर्शनास जायचे आणि रेडिओ लावूनच जायचे, असे त्यांनी ठरवले होते. सोलापुरात व पुण्यात दोन-तीन दुकाने पालथी घातल्यावर त्यांचा मुलगा व नातू सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून गुरुवारी सकाळी मुंबईत उतरले. संच जुन्या नऊवारीच्या तुकड्यात बांधून पिशवीत घेतला होता. मुक्काम सी. पी. टँकच्या हीराबाग धर्मशाळेत. दानवीर माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी उभारलेल्या या वास्तूत सोलापूर-कोल्हापूरकडची कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहेत. तिथून गिरगावच्या गल्ल्यांतून लॅमिंग्टन रोड पायी गाठता येतो.

या गाडीचे व सोलापूरचे नाते केवळ मालकीचे नाही. वालचंद हिराचंद दोशी हे सोलापूरच्याच दिगंबर जैन घराण्यात १८८२ साली जन्मले. हिंदुस्थानात मोटार तयार व्हावी हा ध्यास त्यांनी घेतला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व प्लिमथ या अमेरिकी मोटारी जोडून बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार होऊन ११०० आली. वालचंद १९५३ साली निवर्तले, त्यामुळे फियाटचा खरा बहर त्यांनी पाहिला नाही. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तरी गाडीबरोबर रेडिओ मिळत नसे. तो निराळा विकत घ्यायचा, बसवून घ्यायचा आणि त्याचा सरकारी परवानाही काढायचा. म्हणून त्या काळी गाडीत रेडिओ असणे ही गाडी असण्याहूनही वरची पायरी समजली जाई.

लॅमिंग्टन रोडवर पहिल्या तीन दुकानांत एकच उत्तर मिळाले: हे फेकून नवे बसवा. चौथ्या दुकानदाराने निदान संच हातात घेऊन पाहिला आणि वरच्या मजल्यावरील एका वृद्ध कारागिराकडे पाठवले. अशा जागा रस्त्यावरून दिसत नाहीत. अरुंद लाकडी जिना, वर सहा फूट रुंदीची खोली, भिंतीला छतापर्यंत खोक्यांची उतरंड, टेबलावर मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि बारा व्होल्टची बॅटरी. कारागिराने पहिला प्रश्न विचारला तो किमतीविषयी नव्हता. “शेठ, दुसरा डबा कुठे आहे?”

हा प्रश्न जाणकाराचा होता. व्हॉल्व्हच्या काळातील मोटारीच्या रेडिओचे अनेकदा दोन भाग असत. डॅशबोर्डमध्ये दिसणारा तो एक. दुसरा, विजेचा दाब वाढवणारा लोखंडी डबा, पायांपाशी कुठेतरी दडवलेला. निम्मे लोक तोंड तेवढे घेऊन येतात आणि पोट गाडीतच विसरतात. सोलापूरकरांनी दोन्ही आणले होते. दुसरा डबा पिशवीतून निघताच कारागिराच्या चेहऱ्यावरचा ताठा सैल झाला.

या डब्याचे काम समजून घेण्याजोगे आहे. व्हॉल्व्हना दोनशे व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि गाडीची बॅटरी असते बारा व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर दाब वाढवतो खरा, पण बॅटरीचा एकसारखा वाहणारा प्रवाह त्याला चालत नाही. तो सतत तुटावा-जुळावा लागतो. हे तोडण्या-जोडण्याचे काम व्हायब्रेटर नावाचा कंपक करतो. त्यातील पोलादी पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरते आणि तिच्या टोकांवरचे संपर्कबिंदू प्रवाह उलटसुलट करतात. जुन्या गाड्यांत रेडिओ लावताच जी बारीक गुणगुण ऐकू येई, ती या पट्टीची. संच फार दिवस बंद राहिला की संपर्कबिंदूंवर थर चढतो, पट्टी हलत नाही आणि रेडिओ मुका होतो. निकामी झालेल्यांपैकी बऱ्याच संचांचा आजार एवढाच असतो. तो न ओळखताच ते भंगारात जातात, याची हळहळ वाटते.

एक काळजी मात्र प्रत्येक घराने घ्यावी. वर्षानुवर्षे बंद असलेला संच ‘चालतो का पाहू’ म्हणून थेट बॅटरीला जोडू नये. आतले कागदी कंडेन्सर ओल धरून गळके झालेले असतात. ट्रान्सफॉर्मरच्या उच्च दाबाच्या बाजूला जो एक लहानसा कंडेन्सर असतो, तो फुटला तर व्हायब्रेटर व ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळतात. पन्नास-साठ रुपयांच्या वस्तूपायी न मिळणारी वस्तू जाते. म्हणून जाणता कारागीर तो कंडेन्सर तपासत बसत नाही, आधी बदलतो.

झाकण उघडले तेव्हा कोपऱ्यात कुंभारमाशीचे मातीचे घर निघाले. कारागिराने हवेचा फवारा उचलला, तसे पित्याने हात पुढे केला. घर रिकामे आहे याची खात्री करून घेतली, मऊ कुंचल्याने माती हलकेच सुटी केली आणि मगच फवारा चालला. कारागीर काही बोलला नाही. पुढची सर्व धूळ मात्र त्यानेही कुंचल्यानेच काढली.

खरा वाद त्यानंतर सुरू झाला. कारागिराने दोन मार्ग सांगितले. एक: आतले सगळे काढून टाकायचे, त्या जागी आधुनिक सर्किट बसवायचे, दर्शनी तबकडी जुनी, आवाज ब्लूटूथचा. काम एका दिवसाचे, हमी एका वर्षाची. दुसरा: मूळ यंत्रणाच दुरुस्त करायची, दिवस जास्त, हमी नाही, आणि वाजेल ती फक्त मीडियम वेव्ह. नातू पहिल्या मार्गाच्या बाजूचा होता आणि त्याचे म्हणणे पोकळ नव्हते. आकाशवाणीची मध्यम लहरींवरील कितीतरी प्रक्षेपणकेंद्रे गेल्या काही वर्षांत बंद झाली आहेत. जे ऐकायचे तेच हवेतून नाहीसे होत असेल, तर ऐकण्याचे यंत्र जपून करायचे काय?

पित्यापाशी याचे तयार उत्तर नव्हते. जुन्या मंदिरांच्या जीर्णोद्धारात हाच प्रश्न उभा राहतो, हे मात्र त्यांना जाणवले. कोरीव काळा पाषाण गुळगुळीत संगमरवराखाली झाकून टाकला की वास्तू नवी दिसते, पण पूर्वजांनी घडवलेले डोळ्यांआड जाते. समाजात याविषयी मतभेद आहेत. निदान दगड आत शाबूत राहतो, ही एक समजूत असते. रेडिओचे काढलेले आतडे मात्र संध्याकाळपर्यंत भंगाराच्या पोत्यात जाते.

शेवटी सोलापूरला दूरध्वनी लावला. आजोबांनी दोन्ही मार्ग शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “बटण फिरवल्यावर लगेच वाजेल का?” नव्या सर्किटने लगेच वाजेल, असे नातवाने उत्साहाने सांगितले. “मग नको. आपला रेडिओ आधी तापतो, मग बोलतो.”

व्हॉल्व्ह तापायला अर्धे मिनिट लागते, हे नातवाला त्या दिवशी कळले. संच ठेवून दोघे सूर्यास्तापूर्वी जेवणास परतले.

एक बटण फुटलेले होते. त्यासाठी शुक्रवारी पहाटे चोर बाजार गाठला. मटन स्ट्रीटवरील जुन्या वस्तूंची दुकाने शुक्रवारी बंद असतात, परंतु त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावरच जुना बाजार मांडला जातो. मूळ शब्द ‘शोर बाजार’ आणि इंग्रजांच्या उच्चाराने त्याचा ‘चोर’ झाला, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. भाव ऐकल्यावर दोन्ही नावे पटतात. नुसते बटण कोणी देईना. अखेर एक अख्खा मृत संच घ्यावा लागला. पित्याने घासाघीस फारशी केली नाही, कारण पाठीमागे व्हॉल्व्ह शाबूत दिसत होते. हा सौदा पुढे फायद्याचा ठरला: मूळ संचातील आवाजाचा व्हॉल्व्ह दुबळा निघाला आणि त्याची जागा या परक्याने भरली.

कारागिराने पाच दिवस मागितले व सहा घेतले. व्हायब्रेटर उघडून संपर्कबिंदू घासले, सगळे कागदी कंडेन्सर बदलले, भोंग्याचा फाटका कागद सांधला. नातवाच्या समाधानासाठी त्याने एक जादा तारही काढून दिली. ती आवाजाच्या बटणापाशी जोडलेली असून फोन लावला की त्यातले गाणे याच जुन्या व्हॉल्व्हमधून वाजते. नको झाली तर दोन टाके सोडवून काढता येते. जुन्या वस्तूत बदल करायचाच तर तो असा, मागे घेता येणारा असावा. त्यालाही अर्थात अर्धे मिनिट थांबावे लागते.

टेबलावर चाचणी झाली तेव्हा आवाजापेक्षा खरखरच अधिक होती. आसपासच्या शेकडो दिव्यांचा व चार्जरांचा तो उपद्रव. मध्यम लहरींना भरवस्ती मानवत नाही. “गावाबाहेर न्या, रात्री लावा,” कारागीर म्हणाला. अंधार पडल्यावर वातावरणाच्या वरच्या थरांतून या लहरी परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर पोचतात, हे शास्त्र त्याला अनुभवाने ठाऊक होते. निघताना त्याने एक छिद्र दाखवले. आत एक बारीक स्क्रू असतो. गाडीत बसवल्यावर एरियल पूर्ण उघडायची, तबकडीच्या वरच्या टोकाचे एखादे क्षीण केंद्र धरायचे आणि आवाज सर्वांत मोठा होईतो तो स्क्रू फिरवायचा. हे काम टेबलावर होत नाही, ज्याच्या त्या गाडीतच करावे लागते.

सोलापुरात संच बसवला त्या रात्री तिघे अक्कलकोट रस्त्यावर शहराचे दिवे मागे पडेपर्यंत गेले आणि गाडी कडेला उभी केली. इंजिन बंद केले. आजोबांनी बटण फिरवले. आधी गुणगुण आली, तबकडी पिवळसर उजळली आणि काही वेळाने कुठल्यातरी दूरच्या केंद्रावरील कानडी बातम्या खरखरीतून वर येऊ लागल्या. नातू डॅशबोर्डखाली आडवा होऊन स्क्रू फिरवत होता.

“थोडा मागे घे,” आजोबा म्हणाले. “अजून थोडा. हां, आता राहू दे.”