अंड्याची दवंडी

कोंबडीइतकी आपल्या कर्तृत्वाची दवंडी पिटणारी जात मी दुसरी पाहिली नाही. म्हैस चरवीभर दूध देते आणि मुकाट्याने रवंथ करीत बसते. कोंबडी एवढेसे अंडे घालते आणि सारी आळी डोक्यावर घेते!

नोकरीतून मोकळा होऊन चिपळूणच्या घरी परतलो, तेव्हा परसात चार गावठी कोंबड्या पाळल्या. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून कोंबडा मुद्दामच ठेवला नाही. अंड्यासाठी कोंबड्याची गरज नसते. ती असते पिलांसाठी. शिवाय दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात शिरल्या, की कसली चाहूल लागली नाही तर उजाडेपर्यंत त्यांची कटकट नसते. एवढी दक्षता घेऊन मी निर्धास्त झालो.

पण आठवड्याभरातच गडग्यापलीकडून काकूंची हाक आली. "अरे, दुपारी जरा डोळा लागावा, तर तुझ्या बाया ओरडायला लागतात. बरं, वेळ तरी एक ठेवावी! काल बाराला, आज एकला."

काकूंचे निरीक्षण अचूक होते. एक अंडे तयार व्हायला २४ तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून अंड्याची वेळ रोज पुढे सरकत जाते. हे मी त्यांना सांगितले. वर शहाणपणाने म्हणालो, "काकू, कोंबडीचा आवाज तो केवढा! मोजला तर ६०-७० डेसिबल. दोन माणसं घरात गप्पा मारीत बसली, तर तेवढाच होतो."

काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या घरात दोन माणसं कुठं आहेत रे आता?"

काका जाऊन वर्ष होत आले होते. आवाजाचे माप मी पुस्तकातून काढले होते. त्यांच्या घरातल्या शांततेचे माप काढायचे राहून गेले होते.

त्याच संध्याकाळी खुराडे परसाच्या दुसऱ्या टोकाला, फणसाच्या बुंध्याशी हलवले. आता दवंडी ऐकू येते ती माझ्याच खिडकीशी. ती झाली, की मी अंडे उचलतो, हात धुतो आणि काकूंच्या पडवीत जाऊन बसतो. काकू अंडे खात नाहीत, पण "आज किती?" असे विचारल्यावाचून चहा हातात देत नाहीत.

परवा कोंबड्या पिसे गाळू लागल्या. अशा दिवसांत अंडी थांबतात, आणि दवंडीही. मी वर्तमानपत्रात डोके खुपसून बसलो होतो. तोच गडग्यापलीकडून हाक आली, "अरे, अंडं नाही म्हणून आज चहाही नाही का? आधण केव्हाचं उकळतंय!"

वर्तमानपत्राची घडी घालून मी चपला पायांत सरकवल्या.