बटाट्याच्या माहेरी जायचे तर



एकादशीला आपल्या ताटात काय असते? साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे कूट, बटाट्याची भाजी, उकडलेले रताळे, राजगिऱ्याचा लाडू आणि चवीला हिरवी मिरची. यांतले एकही पीक मुळात आपल्याकडचे नाही. ही सारी गेल्या पाचशे वर्षांत अमेरिकेच्या बाजूने आपल्याकडे आली. त्यांतल्या बटाट्याचे माहेर म्हणजे दक्षिण अमेरिकेतला पेरू देश. पुढच्या मे महिन्यात तिकडे जाण्याचा बेत मी व आमच्या सौभाग्यवतींनी आखला आहे. तुमच्यापैकी कोणाची मुले परदेशात असतील, कोणी चार पैसे गाठीला बांधून असेल, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

मेच का? तिकडचे ऋतू आपल्या उलट. डिसेंबर ते मार्च डोंगरात धो धो पाऊस, मे ते सप्टेंबर कोरडे. मे महिन्यात तिकडे बटाट्याची काढणी चालू असते, आणि आपली रब्बी उरकून खरिपाला अवकाश असतो. पेरणीच्या आत घरी परतता येते. थंडी मात्र कडाक्याची, म्हणून लोकरी कपडे हवेत.

आता उंची. कुझको हे जुन्या इंका राजांचे राजधानीचे गाव सुमारे ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. विमानातून उतरताच तेथे हिंडू लागलात तर डोके दुखते, धाप लागते. म्हणून आधी खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात दोन रात्री काढाव्यात. तेथून आगगाडीने माचू पिच्चू पाहावे. ते २,४३० मीटरवरच आहे. कुझको शेवटी ठेवावे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज तिकीट काढू नये. माचू पिच्चूला रोज ठरावीक माणसांनाच प्रवेश मिळतो, तेव्हा तिकीट काही महिने आधीच घ्यावे. पेरूहून परतताना आपल्या विमानतळावर पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात. ती लस सरकारमान्य केंद्रात, निघण्याच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी.

माचू पिच्चूला लोक देवळे नि वाडे पाहतात. तुम्ही पायऱ्यापायऱ्यांची शेते पाहा. पंधराव्या शतकात ज्यांनी ती बांधली, त्यांच्याजवळ लोखंड नव्हते, बैल नव्हते, गाडीचे चाक नव्हते. पायाने दाबायच्या लाकडी अवजाराने ते जमीन उलथीत. पण प्रत्येक पायरीच्या तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि सर्वांत वर काळी माती असे थर त्यांनी घातले. पाऊस मुरतो, जास्तीचे पाणी खालून निघून जाते, माती जागेवर राहते. दगडी भिंती दिवसा तापतात आणि रात्री पिकाला ऊब देतात. स्पॅनिश आले, राज्य बुडाले, गाव ओस पडले. बांध मात्र उभे आहेत.

जवळच मोराय येथे जमिनीत खोल उतरत गेलेली गोल गोल शेते आहेत. वरच्या आणि तळच्या पायरीच्या हवेत फरक पडतो. कोणते पीक कोठे येते हे पाहण्यासाठी ती केली असावीत, असे पुष्कळांचे मत आहे. पिसाक गावाजवळच्या डोंगरात आजही शेतकरी शेकडो जातींचे बटाटे लावतात. एक जात थंडीने गेली तर दुसरी तगते. बियाणे घरचेच. राजधानी लिमा येथे १९७१ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात चार हजारांहून अधिक जाती जपल्या आहेत.

खर्च मोठा आहे, हे लपवीत नाही. कर्ज काढून किंवा बी-भरणाचा पैसा मोडून कोणी जाऊ नये. ज्यांना जमेल त्यांनी जावे आणि परतल्यावर गावाला सांगावे. ज्यांना जमणार नाही त्यांनी यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन आपल्याच उताराच्या वावरात उभे राहावे. ओढ्याला जाणारे पाणी गढूळ असेल, तर ती तुमचीच माती चालली आहे. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. बांध फुटला असेल तेथे खूण करा, आणि उघडीप मिळताच घरच्या सगळ्यांनी मिळून दगड लावा. नातवंडांना तोच बांध कामी येईल.