मिठीकाठचं जेवण

दादाला नोकरी लागली ती वांद्रे-कुर्ला संकुलात. पहिला पगार हातात पडताच त्यानं जाहीर केलं, "सगळ्यांना जपानी हॉटेलात नेतो. नदी दिसणारं टेबल सांगून ठेवलंय!" नदी म्हटल्यावर आई हरखली. तिचं माहेर चिपळूणचं. तिच्या डोळ्यांपुढे वाशिष्ठी आली असणार. बाबा मात्र शर्टाची बटणं लावता लावता म्हणाले, "तिथं कुठली नदी? मिठीच ती."

मरोळला आमच्या चाळीमागून वाहते तीच ही मिठी. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. आम्ही तिला नदी कधी म्हटलंच नाही. 'नाला' म्हणतो आणि खिडकी लावून घेतो. पण हॉटेलाच्या उंच मजल्यावरून, काचेपलीकडे, ती खरोखरच नदी दिसत होती! काठाला तिवरांची काळी रांग, पाण्यात दिव्यांचे लांबच लांब पट्टे.

काळ्या पाटीवर मोजून सहा घास आले. व्हिनेगर लावलेल्या चिकट भाताची मुटकी आणि वर कच्च्या माशाची गुलाबी चकती. "सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे, हा भात," दादानं ज्ञान पाजळलं. पूर्वी म्हणे जपानात मासे टिकावेत म्हणून ते मीठ लावून भातात महिनोन् महिने मुरवत आणि भात फेकून देत. "अन्न फेकायचं?" आईचा जीव भातात अडकला.

बाबांनी बाजूची हिरवी गोळी चटणी समजून अख्खी तोंडात टाकली. वसाबीच ती! त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आम्ही पोट धरधरून हसलो. डोळे पुसून ते काचेबाहेर बघत राहिले.

"त्या दिवशी मी तिकडं, कलानगरापाशी अडकलो होतो."

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस. मी तेव्हा आईच्या पोटात होते, दादा तीन वर्षांचा. शेजाऱ्यांनी दोघांना वरच्या मजल्यावर नेलं. खाली आमच्या खोलीत पाणी शिरलं, त्यात लग्नाचा अल्बम गेला. आईचा लग्नातला एकही फोटो मी पाहिलेला नाही. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले. एवढी गोष्ट आम्हाला पाठ होती.

"छातीएवढं पाणी. हाताला हात धरून साखळी केली होती आम्ही," बाबा म्हणाले. "माझ्या मागं होता त्याचा हात सुटला. मी वळून बघितलं, तर मधे नुसतं पाणी. साखळी पुढं ओढत होती. मी पुढं आलो."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. वीस वर्षांत तिलाही हे ठाऊक नव्हतं.

"कोण होता हो?"

"नाव कुठं विचारलं."

पाटीवर दोन घास उरले होते. एरवी आईनं ते डब्यात भरून घेतले असते. दादानं बिल आम्हाला दाखवलं नाही. खाली रिक्षाच्या रांगेत उभे राहिलो, तर तो ओळखीचा वास आलाच. बाबा बराच वेळ गप्प होते. मग दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भात चांगला होता हां."